गळती सापडली नाही तर कुर्डुवाडी

किस्से मी काही जमवायला गेले नव्हते. घरात सुतळीचे तुकडे साठतात ना, तसं झालं. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण एखाद्या दिवशी खण उघडावा तर सगळा गुंताच बाहेर येतो! आणि यांची नोकरी अशी, की खण रोजच उघडायचा.

पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचे मिस्टर विमान चालवतात म्हणे?"

मी म्हटलं, "नाही हो. विमानाच्या आतली हवा गार करायचं यंत्र असतं ना, त्याच्या नळ्या तपासतात."

काकूंच्या चेहऱ्यावरचं विमान तिथल्या तिथे खाली आलं. "म्हणजे फ्रिज दुरुस्त करतात होय!"

तर ते विमान एका मिलच्या शेठजींचं. आठ सीटचं, दोन पंख्यांचं. सोलापुरात होटगी रोडच्या धावपट्टीकडेला पत्र्याच्या हँगरमध्ये उभं असायचं. त्यातला गार हवेचा गॅस दर दोन महिन्यांनी कुठून तरी निघून जायचा. ही गळती शोधायला यांना घेतलं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईचे इन्स्पेक्टर येणार, त्यांची सही झाली तर नोकरी कायम. नाही झाली तर परत कुर्डुवाडी. तिथे यांच्या काकांनी रेल्वेच्या वर्कशॉपात शब्द टाकून ठेवला होता. काकांच्या दोन खोल्यांत नऊ माणसं, आम्ही धरून अकरा. लग्नानंतरचे दीड महिने मी तिथे काढलेत, त्यामुळे त्या गॅसच्या गळतीत यांच्यापेक्षा माझा जीव जास्त अडकला होता.

मला टायपिंग येत होतं. तपासणीचे कागद टाईप करायला आठवड्यातून तीन दिवस मीही हँगरवर जाऊ लागले. चिटणीससाहेब, म्हणजे तिथले इंजिनियर, यांचं अक्षर त्यांना स्वतःलाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. माझ्या पोस्टचं खरं कारण एवढंच.

* * *

यांचा आधीचा अनुभव बर्फाच्या कारखान्यातला आणि एका थिएटरातला. तिथे गळती शोधायला एक दिवा असायचा. ज्योत निळी जळते, गॅस जवळ आला की हिरवी होते. काम सोपं.

पहिल्याच दिवशी हे पिशवीतून तो दिवा घेऊन गेले, विमानाच्या पोटाखाली बसले आणि काडी ओढणार, इतक्यात चिटणीससाहेब टेबलावरनं धावत आले. पन्नाशीचा माणूस, पण धावण्यात वयाचा काही संबंध दिसला नाही.

"अहो, काय करताय? वर टाकी आहे! पेट्रोल आहे तिच्यात!"

"साहेब, दोन मिनिटांत गळती सापडेल."

"गळती सापडेल हो, पण तुम्ही सापडणार नाही!"

* * *

दिवा गेला आणि साबणाचं पाणी आलं. सांध्याला फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. पण सोलापूरची हवा अशी कोरडी, की फेस लावून मान वर करेपर्यंत वाळून जायचा. हे दिवसभर वाळलेला साबण पुसत बसायचे. संध्याकाळी घरी आले की हात इतके स्वच्छ, की मला भांडी घासायला द्यावीत असं वाटायचं.

मग मी घरून रिठ्याचं पाणी करून दिलं. घट्ट, वर चमचाभर साखर. तो फेस मात्र सांध्याला घट्ट धरून बसला.

बिराजदारअण्णा खूश. अण्णा म्हणजे तिथले फिटर, दुधनीचे. विमानाशी कानडीत बोलायचे आणि आमच्याशी मराठीत. म्हणाले, "वैनी, लई बेस! म्हशीच्या दुदाला बी येवडा फेस येत न्हाय की!"

अडचण झाली ती कागदावर. सरकारी फॉर्मात 'रिठा' लिहायचा कसा? चिटणीससाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मला डिक्टेट केलं, "बोटॅनिकल फोमिंग एजंट."

तीन आठवड्यांनी मुंबईच्या ऑफिसातून पत्र आलं. सदर एजंटचा बॅच नंबर कळवावा.

साहेब डोकं धरून बसले. "झाडाला बॅच नंबर कुठला आणू?"

अण्णा म्हणाले, "लिवा की साहेब, औंदाची हाय म्हनून."

* * *

दसऱ्याला हत्यारांची पूजा. पान्यांना हळदकुंकू, कॉम्प्रेसरला झेंडूची माळ. विमानाच्या पोटातल्या त्या करंगळीएवढ्या अॅल्युमिनियमच्या नळीलाही अण्णांनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. दोऱ्यानं नाही, तारेनं. दोरा सुटला तर अपशकुन! सगळ्यांनी हात जोडले, चिटणीससाहेबांनी नारळ फोडला आणि मी पेढे वाटले.

दोन दिवसांनी पानं काढली. तार तशीच राहिली.

विमान उडायचं, इंजिनं थरथरायची आणि तार नळीला कानशीसारखी घासत बसायची. मार्गशीर्षात गॅस पुन्हा संपला. यांनी तळाच्या पट्ट्या उघडल्या, आडवे होऊन आत गेले आणि तासाभरानं आतूनच ओरडले, "सापडलं!" सुईच्या टोकाएवढं भोक, वर तार, तारेत आंब्याचा एक देठ.

चिटणीससाहेबांनी नियमांचं पुस्तक आणलं. सगळ्यांना उभं करून मोठ्यानं वाचलं, "नळीला दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा स्पर्श होता कामा नये. कोणत्याही!"

अण्णांनी शांतपणे विचारलं, "देवाचा बी?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. ती नळी बदलली.

* * *

त्यानंतर महिनाभर गॅस टिकला. मी घरी दोन कुंड्या आणून तुळस आणि सदाफुली लावली. तेवढ्यात चिटणीससाहेबांना नळ्यांवर तेल दिसलं.

गॅसबरोबर यंत्रातलं तेलही थोडं फिरत असतं. त्यामुळे सांध्याशी तेलाचा डाग दिसला, की तिथे गळती आहे असं समजायचं. साहेबांना एक डाग दिसला. तो सांधा बदलला. चार दिवसांनी त्याच्याच शेजारी दुसरा. तोही बदलला. मग तिसरा. साहेब रोज बॅटरी घेऊन आत शिरायचे आणि रोज नवा डाग घेऊन बाहेर यायचे. यांची भूक मेली. एका रात्री ताटावर बसून म्हणाले, "काकांना पत्र टाकून ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी डागांची यादी टाईप करताना एक गोष्ट मला विचित्र वाटली. अकरा डाग, आणि सगळे जमिनीपासून एकाच उंचीवर. गळती अशी रांगेत उभी राहते का?

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी पदर खोचून विमानाच्या शेपटीत शिरले आणि डागाला बोट लावून वास घेतला. जास्वंदीचं तेल!

अण्णांना टक्कल पडायला लागलं होतं. म्हणून ते रोज सकाळी जास्वंदीचं तेल थापून यायचे, शेपटीत वाकून शिरायचे आणि वाकलेलं डोकं बरोबर नळीला टेकायचं.

मी यांना बाजूला बोलावून सांगितलं, यांनी साहेबांना सांगितलं. साहेब अण्णांसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांच्या डोक्याकडे बघितलं.

"बिराजदार, तीन सांधे बदलले मी. तीन!"

अण्णांनी डोक्यावरनं हात फिरवला. "हितं बी कायच उपेग न्हाय झाला, साहेब."

* * *

फाल्गुनात शेठजी स्वतः विमान बघायला आले. गार होतंय की नाही, याची खात्री करून घ्यायची होती. शेठजी, पायलट, चिटणीससाहेब आणि अण्णा आत बसले, यांनी यंत्र सुरू केलं आणि शेठजींनी विमानाचं दार सताड उघडं ठेवायला सांगितलं. बंद दारात त्यांचा जीव गुदमरतो म्हणे!

बाहेर रणरणतं ऊन. आतली गार हवा दारातून धावपट्टीवर चाललेली. खरं तर त्या दिवशी धावपट्टीवर बऱ्यापैकी गार होतं.

हे चिटणीससाहेबांच्या कानाशी लागले, "दार लावायला सांगा की."

साहेब कुजबुजले, "मी? शेठजींना?"

साहेबांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पायलटकडे बघितलं. पायलट घड्याळ बघायला लागला. मी बाहेरून विमानाच्या खिडकीतून हे सगळं बघत होते आणि मला वाटत होतं, आपणच जावं आणि धाडकन दार लावून टाकावं. गेले नाही. नवी सून होते ना, आणि शिवाय टायपिस्ट!

अर्ध्या तासानं शेठजी घाम पुसत उतरले. जाताना शेरा देऊन गेले आणि तो मीच टाईप केला, "कूलिंग समाधानकारक नाही. इन्स्पेक्टरांच्या तपासणीनंतर मेकॅनिकबाबत निर्णय घ्यावा."

'मेकॅनिक' या शब्दाशी टाईपरायटरची रिबन अडकली. मी ती नीट केली आणि शब्द पुन्हा टाईप केला.

* * *

इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दुपारी यांनी सगळ्या नळ्यांत कोरडा वायू दाबून भरला. विमानामागे ठेवलेल्या दाबाच्या तबकडीवर सुई जिथे थांबली तिथे लाल पेन्सिलीनं रेघ मारली. सकाळी सुई रेघेवर असली तर पास.

सकाळी सात वाजता आम्ही हँगरवर पोहोचलो, तर सुई रेघेच्या दहा पौंड खाली!

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. हे मात्र शांत होते. म्हणाले, "गळती नाही. भरला तेव्हा पत्रा तापला होता, आता गार झालाय. गार झालं की दाब उतरतो. ऊन चढलं की सुई आपोआप वर येईल."

चिटणीससाहेब म्हणाले, "हे इन्स्पेक्टरांना सांगायचं? शाळेतल्या पोराचं कारण वाटेल!"

"पण खरं आहे, साहेब."

"खरं आहे म्हणूनच खोटं वाटेल! तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. ऊन चढेपर्यंत त्यांना विमानाजवळ जाऊ द्यायचं नाही."

आणि मुंबईहून आलेल्या माणसाला नुसतं खरं सांगायचं सोडून चार मोठी माणसं कामाला लागली. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्या तबकडीवर वाळत घातला.

इन्स्पेक्टर साडेसातला आले. बारीक अंगाचे, छत्रीवाले, बोलणं कमी. चिटणीससाहेब त्यांना घेऊन आगीच्या बादल्या दाखवायला गेले. बारा बादल्या, प्रत्येकीतली वाळू वेगळी दाखवली. मग इन्स्पेक्टर म्हणाले, "हात धुवायला नळ कुठे आहे?" अण्णांनी बोट केलं आणि ते एकटेच, बॅगेसकट, विमानामागे गेले.

तेवढ्यात मी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही आणि कांदा. यांनी आणि मी मिळून तयारी केली होती, पण ती आमच्या दुपारच्या जेवणाची. इन्स्पेक्टर परत आले, खुर्चीवर बसले आणि हात पुसू लागले. टॉवेलनं. अण्णांच्या टॉवेलनं!

बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी घाईघाईनं ताट पुढे केलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "चटणी घरची का?"

"हो."

"वाढा."

मग जे सुरू झालं ते थांबेचना. अण्णांनी चहा आणला. चिटणीससाहेबांनी मुंबईच्या हवेची चौकशी केली, मग पुण्याच्या, मग नागपूरच्या. अण्णांनी दुधनीच्या आपल्या म्हशीची सगळी वंशावळ सांगितली. पुन्हा चहा. हे दर दहा मिनिटांनी विमानामागे जाऊन यायचे आणि मला खुणेनं सांगायचे, आठ पौंड कमी. सहा. पाच. ऊन दारातून आत सरकत होतं. इन्स्पेक्टर मान हलवत जेवत होते आणि मी वाढत होते. दर घासाला मला वाटायचं, आता हा माणूस हात धुईल आणि म्हणेल, तुम्ही काय लपवताय ते मी बघितलंय. मी मनात कुर्डुवाडीच्या त्या दोन खोल्यांत आमची ट्रंक कुठे बसेल याचा हिशोब करत होते. पलंगाखाली बसत नव्हती.

साडेदहाला हे जवळजवळ धावतच आले. घामानं निथळत. "साहेब, चला! सुई रेघेवर आहे! बरोबर रेघेवर!"

इन्स्पेक्टर उठलेच नाहीत. डाव्या हातानं त्यांनी बॅगेतून रजिस्टर काढलं आणि टेबलावर उघडून ठेवलं. वेळ, सकाळी सात पंचेचाळीस. हवेचं तापमान. सुईचं वाचन, दहा पौंड कमी. त्यापुढे, 'तापमानानुसार योग्य. गळती नाही.' खाली सही, वाळलेल्या शाईत.

चिटणीससाहेबांनी ते दोनदा वाचलं.

"साहेब... मग आपण तीन तास काही बोलला का नाहीत?"

"विचारलंत कुणी?" इन्स्पेक्टर म्हणाले, आणि त्यांनी चौथी भाकरी मोडली.