सोयरिकीची बरणी

"दम धरा, आजून तोंड फुटलं नाय," असं म्हणून मामा डावा डोळा तळहाताने झाकत, उजवा सूक्ष्मदर्शकाला लावत आणि श्वाससुद्धा जपून घेत. काचेवर पॅरामेशियमची एक पेशी दोन होत असायची. मुलं मागून ढकलाढकली करत. मामा जागचे हलत नसत.

ऐंशीच्या सुमारास वाशीच्या आमच्या नव्या कॉलेजात ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. गाव सानपाड्याच्या बाजूचं. भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि ही नोकरी आली. शाळा चौथीपर्यंत, पण काचेवर कापसाचे चार तंतू टाकून त्या पळणाऱ्या जीवांना अडवावं ते मामांनीच. मी तिथे शिकवायची आणि कामांच्या याद्या करून दाराला लावायची. ते पेन्सिलीने एकेका कामापुढे खूण करायचे. आमचं बरं जमायचं.

पेशी दुभंगताना आत काय होतं, ते तुम्हीही कधीतरी वहीत काढलं असेल. लहान केंद्रक दोन होतं, मोठं लांबतं आणि मधोमध तुटतं. पाणी बाहेर टाकणाऱ्या रिक्तिका दोनाच्या चार होतात, दुसरं तोंड तयार होतं, मगच कंबर आवळून दोन जीव वेगळे होतात. मामांनी हे मुलांना माझ्याआधी सांगून टाकलेलं असायचं. "दोघांला आपापलं तोंड, आपापला पंप. सामान पुरं झाल्यावर वेगलं. आमच्यात भावाभावांचं उलटं. आधी भिंत, मंग तव्यावरून भांडन."

या पेशी ज्या बरणीत वाढत, ती त्यांच्या गावतळ्याच्या पाण्याची होती. पेंढा उकळून गार केलेलं पाणी ते तिला दर आठवड्याला घालत. मग तळं बुजवण्याची नोटीस लागली आणि तिथे भराव पडला. मी हळहळले तर म्हणाले, "लिवलेलं आलं का मानसानं काय करावं, बाई?" तळ्याचं उरलं ते आमच्या खिडकीत.

मामांची बायको जासईची. ती वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एकदा मी त्यांना सांगितलं, की या जीवांची जोडीही जमते, पण सहसा एकाच वंशात नाही. जोडी जमली की दोघं लहान केंद्रकांची देवाणघेवाण करतात. जुनं मोठं केंद्रक तुकडे होऊन विरून जातं आणि लहानापासून पुन्हा नवं मोठं तयार होतं.

मामांनी विचारलं, "मंजे एवरा मोठा जातो, तरी बारक्यात सगला ऱ्हातो?"

"राहतो."

"मना ते बगायचं हाय."

पुढच्या सोमवारी ते जासईच्या तळ्याचं पाणी घेऊन आले. ते महिनाभर वेगळं वाढवलं, मग दोन्हीकडचं सगळं पाणी एका बरणीत. जीव अर्धपोटी असले की जोड्या जमतात, म्हणून पेंढ्याचं पाणी बंद. बरणीला आम्ही नाव दिलं, सोयरिकीची बरणी.

"काय मामा, पत्रिका जुळल्या का?" मी विचारायची.

"वरमाय रुसलीय. आजून चार दिस."

रोज सकाळी एक थेंब काचेवर. रोज "नाय."

मेच्या सुटीत प्रयोगशाळेला रंग द्यायचा होता. गावी निघताना मी घाईघाईने अकरा कामांची यादी लावली. सातवं काम होतं, खिडकीतल्या वास येणाऱ्या बरण्या ओतून उकळत्या पाण्याने धुणे. माझ्या डोळ्यांसमोर कुजलेल्या पाणवनस्पतींच्या बरण्या होत्या. फक्त त्याच.

जूनमध्ये परत आले. भिंती पांढऱ्याफेक, यादीवर अकरा खुणा.

"मामा, सोयरिकीची बरणी?"

"ओतली. सातवं काम."

"अहो, ती नव्हती म्हणायची मला! तुम्हाला कळायला नको?"

"वास तर तिलाबी येत व्हता, बाई. मना वाटलं, तुमी बगून लिवलं."

पुढचं मी विचारायला नको होतं. "जोड्या जमल्या होत्या?"

"त्याच सकाली. बारा-तेरा." त्यांनी ओले हात पँटला पुसले. "रंगवाले दारात उभे. तुमी गावाला. इचारू कोनाला?"

चूक माझी होती आणि ओरडलेही मीच. हे नोंदवून ठेवायला हवं.

जासईचं पाणी पुन्हा आणता आलं. भरावाखालचं कुठून आणणार? जासईचे जीव बरणीत एकाचे दोन, दोनाचे चार होत राहिले. जोडी जमली नाही. मी नेरूळचं पाणी आणून पाहिलं, उरणच्या वाटेवरचंही. मामा निमूटपणे ते बरणीत घालत, पण सकाळचा थेंब बघणं त्यांनी सोडलं होतं.

अडीच वर्षांनी मामांना कावीळ झाली आणि ते आठ दिवसांत गेले.

त्याच्या वर्षभर आधीची, डिसेंबरातली गोष्ट. मी फळ्यावर पॅरामेशियमची जोडी काढत होते. मामा काचपट्ट्यांचा ट्रे घेऊन दारात उभे होते. मी मोठं केंद्रक खडूने भरलं आणि ते कसं विरतं हे दाखवायला बोटाने थोडं थोडं पुसत नेलं. मुलं वहीत उतरवत होती.

"बाई," मामा म्हणाले. वर्ग चालू असताना ते कधी बोलत नसत. "आता नवा मोठा काढा."

मी लहान केंद्रकाशेजारी नवं मोठं काढलं. घंटा झाली, मुलं गेली, तरी ते बघत होते. मी सवयीने म्हटलं, "मामा, फळा पुसून घ्या."

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "आजचा फला मी पुसत नाय, बाई. दुसऱ्या कोनाला सांगा."