मामाच्या हातची भिंत

माझ्या मामाला घर दाखवायला नेलं की तो घराकडे बघतच नाही. खिडकी, उजेड, ओटा सगळं सोडून तो सरळ भिंतीपाशी जातो आणि हाताची पाठ भिंतीला टेकवून उभा राहतो. तळहात नव्हे, पाठ. रंगाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडलेले असतात, त्याला ओल कळत नाही, असं त्याचं म्हणणं. एजंट बिचारा पार्किंगचं सांगत असतो आणि हा डोळे मिटून भिंतीचा ताप बघत असतो.

तीस वर्षं त्याने दुसऱ्यांची घरं रंगवली. स्वतः मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला आणि त्या खोल्यांना दहा वर्षांत ब्रश लागला नव्हता. मामीने बोलून बोलून शेवटी बोलणं सोडलं होतं. पण भाडेकरू घर का सोडतात, हे मामाइतकं कुणाला माहीत नसेल. एक बिऱ्हाड गेलं आणि दुसरं यायचंय, अशा रिकाम्या घरात पहिला शिरतो तो रंगारीच. "भाडं जास्त म्हणून फारसं कुणी जात नाही," तो म्हणायचा. "ओल, आवाज आणि मालकाची कटकट. घर रिकामं होतं ते या तिघांपायी."

मग त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, शिडी अजून दोन वर्षं, फार तर तीन. मामी शाळेचे गणवेश शिवते. तिने मशीनवरून मान वर न करता सांगून टाकलं, "एक छोटं घर घेऊ. राहायला नाही, भाड्याने द्यायला. तुम्ही शिडीवरून उतरलात की त्या भाड्यावर आपली चूल पेटेल."

स्वतः भाड्याने राहणारी माणसं भाड्याने द्यायला घर घेणार म्हटल्यावर नातेवाइकांची चांगली करमणूक झाली. मी बँकेत काम करते, त्यामुळे मला शहाणपणा शिकवायचा हक्कच होता. मी हप्ते, भाडं, दुरुस्ती यांचा मोठा तक्ता करून दिला. मामाने तो आदराने घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ब्रश पुसला. त्याचा हिशेब एका ओळीचा होता. "मोठ्या घराला हौशी माणूस लागतो, लहान घराला गरजू. गरजू आधी येतो."

सात घरं बघितली. पहिल्यात शिरताच तो म्हणाला, "रंग ताजा आहे, म्हणजे काहीतरी शिळं लपवलंय." प्रत्येक घरात तो कपाट सरकवून मागची भिंत बघायचा. दोन एजंटांनी आमचे फोन उचलणं बंद केलं.

आठवं घर हॉस्पिटलजवळ होतं. तिसरा मजला, पुढे स्वयंपाकाची खोली, मागे झोपायची. मागच्या खोलीत मामा जागीच थांबला. भिंतीच्या पायथ्याशी, फरशीच्या वर, अर्ध्या बोटाएवढी तपकिरी रेघ ओढलेली होती. दोरी धरल्यासारखी सरळ.

"अरे, ही माझी रेघ!" मामा ओरडलाच.

नऊ वर्षांपूर्वी हे घर त्यानेच रंगवलं होतं. नऊ वर्षं कुणीतरी त्याची रेघ जपली होती. त्याने ती मामीला दाखवली, एजंटाला दाखवली, घर विकणाऱ्या बाईंना तर दोनदा दाखवली. आणि या आनंदात पठ्ठ्याने कपाट काही सरकवलं नाही.

आयुष्याची पुंजी, मामीच्या बांगड्या आणि माझ्याच बँकेचं कर्ज, असं सगळं घालून घर नावावर झालं. बाईंनी सामान हलवलं. कपाट गेलं आणि मागे भिंतीवर ताटाएवढा ओलीचा डाग निघाला.

मामीने डागाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "नऊ वर्षांपूर्वी तुम्हाला इथे बोलावलं कशाला होतं?"

मामा खाली फरशीवर बसला. त्याला आठवलं. तेव्हाच्या मालकाला घर विकायचं होतं. वरच्या न्हाणीघराचं पाणी भिंतीत झिरपत होतं आणि ते झाकायलाच रंगारी हवा होता. मामाने एका दिवसात डाग झाकला आणि भिंत जास्तच कोरी दिसते म्हणून पायथ्याशी ती रेघ फुकट ओढून दिली. म्हणजे त्या बाईंना फसवायला हातभार लावणारा तोच आणि आता फसलेलाही तोच. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार कुणाकडे करणार?

पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू होणार होता. "मामा, रंगाचे दोन हात मार आणि दे भाड्याने. सगळे तेच करतात." हे मीच म्हटलं, नाकारत नाही. मामाने पुट्टी भरली, दोन हात मारले. डाग होता असं सांगूनही कुणाला पटलं नसतं.

पहिलीच भाडेकरू आली ती हॉस्पिटलमधली नर्स, सोबत तिची म्हातारी आई. मामाला अगदी असंच गिऱ्हाईक हवं होतं. मी कराराचे कागद घेऊन बसले होते. नर्सने खिडकी बघितली नाही, ओटा बघितला नाही. ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि हाताची पाठ भिंतीला टेकवून उभी राहिली.

मामाचा चेहरा उतरला. "हे कुठे शिकलात, ताई?"

"मागच्या घरात, काका. आईला आठ महिने खोकला. मी औषधं देतेय आणि कारण भिंतीत. कुणा रंगाऱ्याने काय झकास झाकलं होतं म्हणून सांगू!" तिने हात थोडा सरकवला. "ही कोरडी आहे. आम्हाला पसंत आहे. आगाऊ रक्कम आजच देते."

मी सुटकेचा श्वास टाकला. मामी मात्र मामाकडे बघत होती.

"तिथे नाही," मामा म्हणाला. "जरा खाली. डावीकडे."

तिने हात खाली नेला. "इथेही कोरडीच आहे की."

"आज आहे. महिन्याभराने नसेल." त्याने खिशातून पुट्टीचा पत्रा काढला आणि तिच्यासमोर भिंत खरवडली. पापुद्रे खाली पडले आणि आतून तो डाग वर आला.

त्या दोघी गेल्या. जाणारच होत्या. म्हातारीने जाताना एकदा वळून बघितलं, एवढंच. मी मामावर भडकले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास! कशासाठी?"

"तिच्या मागच्या घराचा रंगारी मीच नव्हतो कशावरून?" तो म्हणाला.

दुरुस्ती करायची तर वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर फोडावं लागणार होतं. वरचे निवृत्त मास्तर फरशीला हात लावू देईनात. मामा चार वेळा जाऊन नकार घेऊन आला. पाचव्या वेळी त्याला त्यांचं धुराने काळं पडलेलं स्वयंपाकघर दिसलं. "हे फुकट रंगवून देतो," तो म्हणाला, आणि मास्तर एकदम मऊ झाले. मोडक्या खांद्याने मामा आठ दिवस त्या शिडीवर होता. घरी आला की मामी खांदा शेकायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. दोन हप्ते तिच्या गणवेशांतून गेले.

प्लंबरने पाइपचा सांधा बदलला. मामीने स्वतः नर्सला फोन केला. ती आली आणि भिंतीचा उघडा गिलावा बघून म्हणाली, "रंग?"

"एक पावसाळा जाऊ दे," मामा म्हणाला. "मग देतो."

भाडं थोडं कमी करून घेतलं आणि दोघी राहायला आल्या. पावसाळ्यात रंगकाम बंद असतं, त्यामुळे मामा घरीच. रोज आभाळाकडे बघायचा, पण फोन करायचा नाही. कटकट करणारा मालक व्हायचं नव्हतं ना! त्या चार महिन्यांत तो वाळला, खरंच सांगते.

पाऊस संपल्यावर आम्ही दोघं गेलो. नर्सच्या आईने, आजींनी, आत नेलं. त्यांची खाट त्याच भिंतीला लावलेली होती. "खोकला गेला हो," त्या म्हणाल्या. मामाने हाताची पाठ भिंतीला लावली, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. मी उगाच खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येऊन तो मामीला म्हणाला, "कोरडी आहे. उद्या ती भिंत रंगवतो आणि शिडी विकून टाकतो."

मामीने मशीन थांबवली नाही. "पंधरा दिवस झाले विकून."

"विकलीस? मला न विचारता?"

"आजींचा रोज सकाळी फोन येतो, कोरडी आहे म्हणून. मी विचारत होते. तुम्ही विचारत नव्हतात."

मामा शिडीच्या कोपऱ्यात गेला. इतकी वर्षं ती तिथे टेकून होती; आभाळाकडे बघण्याच्या नादात कोपरा रिकामा झालेला त्याला दिसलाच नव्हता. भिंतीवर तिचे दोन काळे घासलेले पट्टे राहिले होते. त्याने त्यांवरून हात फिरवला.

"मग आता ही आपली भिंतपण रंगवायला हवी," तो म्हणाला.

"रंगवा की," मामी म्हणाली. "पण खुर्चीवरून. हात पोचेल तेवढीच."