दोन ग्राफिक्स कार्डं आणि शेऱ्याचा रकाना

आमच्या घरात तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा प्रेशर कुकरसुद्धा येत नसे. बाबा एका सरकारी कचेरीत खरेदीच्या टेबलावर लिपिक होते आणि ते टेबल रोज संध्याकाळी पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन यायचे. फुलस्केप कागद घ्यायचा, पट्टीने रकाने आखायचे आणि वर लिहायचं, ‘तुलनात्मक तक्ता’. शेवटचा रकाना शेऱ्याचा. आत्याला स्थळं बघत होते तेव्हाही त्यांनी तक्ता केला होता म्हणे. एका स्थळापुढे शेरा होता, ‘मुलगा कमी बोलतो, आई भरून काढते’. आत्याने तिथेच लग्न केलं, ही गोष्ट वेगळी.

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. दोन हजार तीन-चारचा सुमार. माझा प्रकल्प होता लासलगावच्या कांदा लिलावाचं नवं आवार: ट्रॅक्टर एका बाजूने आत येतील, लिलाव होईल आणि ते कुणाचाही खोळंबा न करता दुसऱ्या बाजूने बाहेर पडतील. हे सगळं संगणकावर थ्रीडीत चालत-फिरत दाखवायचं होतं. घरचं मशीन मात्र जुनं. तिसऱ्या शेडपाशी पोचलं की ते जे थिजायचं ते थिजायचं. परीक्षक यायला आठ दिवस उरले होते आणि प्रकल्प गेला असता तर अख्खं वर्ष गेलं असतं. ग्राफिक्स कार्ड बदलणं हा एकच इलाज होता.

कार्डं दोन नजरेत होती. पहिल्याची मेमरी १२८ मेगाबाइट, दुसऱ्याची निम्मी. पण पहिल्यात डेटाच्या वाटेची रुंदी ६४ बिट आणि दुसऱ्यात १२८. मी आठवडाभर मासिकं चाळून यात पंडित झाले होते. बाबांना म्हटलं, मेमरी म्हणजे कांदा साठवायची चाळ आणि बिट म्हणजे चाळीचं दार. चाळ केवढीही बांधा, दार अरुंद असेल तर माल बाहेर निघणार कसा? त्यांना ते लगेच पटलं. आमचं दुसरं कार्ड ठरलं, असं मी धरून चालले.

शनिवारी बाबांनी नेहमीप्रमाणे मशीनचं झाकण उघडून रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडली. दर शनिवारी झाडायचे. त्या दिवशी पेन्सिल घेऊन, आत वाकून बघत कागदावर काहीतरी काढतही बसले. मी लक्ष दिलं नाही. मग आम्ही स्कूटरवरून कॅनडा कॉर्नरच्या संगणकाच्या दुकानात गेलो.

दुकानदार सटाण्याकडचा, हसतमुख माणूस. त्याने दोन्ही कार्डं खोक्यातून काढून काउंटरवर ठेवली. बाबांनी चष्मा पुसला, दोन्ही कार्डं उलटीसुलटी करून पाहिली आणि खिशातून काढलेल्या तक्त्यात सावकाश काहीतरी लिहिलं. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

त्यांनी बेरीज केली होती. मेगाबाइट, बिट आणि वेगाचे मेगाहर्ट्झ, तिन्ही एकाखाली एक मांडून चक्क बेरीज. पहिलं कार्ड ४६७, दुसरं ४४२. पहिल्यासमोर लाल शाईने ‘पंचवीसने सरस’.

दुकानदाराने डोकावून पाहिलं आणि तो मनापासून हसला. “काका, बेरीज लय भारी केली हो,” म्हणाला.

तो प्रेमाने हसला होता, हे आज कळतं. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा स्वभाव आधी तोंड, मग डोकं. मी त्याच्यासमोरच म्हटलं, “बाबा, तुम्हाला यातलं काहीही कळत नाही. उगाच मध्ये पडू नका.”

बाबांनी कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवली. दुकानदाराने मला विचारलं, मशीन किती जुनं, खाचा तपासल्यात ना? मी ऐटीत म्हटलं, सगळं बघितलंय. दुसरं कार्ड घेऊन आम्ही घरी आलो. स्कूटरवर बसणारा प्रत्येक धक्काही मला त्यांचीच चूक वाटत होता.

घरी कार्ड बसेना. मदरबोर्डवरच्या पट्टीत एक उंचवटा होता आणि कार्डाची खाच भलत्याच बाजूला. मी दाबून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, मशीनला शिव्या घातल्या. बाबा बॅटरीचा उजेड धरून शेजारी उभे होते. शेवटी दुकानाचा फोन नंबर त्यांनी तक्त्यावर लिहिला असणार म्हणून मी त्यांच्या खिशातला तक्ता ओढून काढला आणि पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना वाचला.

तिथे पेन्सिलीने तीन छोटी चित्रं होती: आमच्या मशीनमधली पट्टी आणि दोन्ही कार्डांच्या खालच्या कडा. खाली लिहिलं होतं, ‘क्र. १ ला खाचा दोन. क्र. २ ला एकच, तीही दुसऱ्या बाजूस. आपल्याकडे बसेल का? विचारणे.’

मी रडायलाच लागले. “तुम्हाला दिसलं होतं, तर बोलला का नाहीत?”

“तू म्हणालीस ना, मला यातलं कळत नाही,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं होतं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी जेवलेसुद्धा नाही.

सोमवारी मी कॉलेजात असताना ते एकटेच दुकानात जाऊन कार्ड बदलून आले. पहिलं कार्ड दोन मिनिटांत बसलं. दार अरुंदच होतं. तिसऱ्या शेडपाशी माझे ट्रॅक्टर अडखळत, उचक्या देत पुढे जायचे. पण जायचे. परीक्षकांनी विचारलं, हे असे थांबत थांबत का चाललेत? मी म्हटलं, लासलगावला असेच चालतात. ते हसले आणि मी पास झाले.

बिल ठेवायला बाबांची फाइल उघडली तेव्हा तो तक्ता वरच होता. खाली लाल शाईने एक ओळ नवी होती: ‘लिपिकाच्या नजरचुकीमुळे क्र. २ ची खरेदी झाली होती. सबब बदलून क्र. १ घेतले.’

दुकानातही त्यांनी हेच सांगितलं असणार. आमच्या घरात लिपिक एकच होता.

मी त्यांचं लाल पेन घेतलं. ‘लिपिकाच्या’ हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, वर ‘मुलीच्या’ लिहिलं आणि त्यांनी लहानपणी शिकवलं होतं तशी खोडलेल्या जागेशेजारी छोटी सही केली.