काचेचा माल आणि मागचं डावं चाक

आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. म्हणजे फुटते हो, फुटायची ती फुटतेच, पण तोंडाने तसं म्हणायचं नाही. तसं तुमच्याही घरी म्हणत नसतील. पण आमच्या सासूबाईंचा याच्याही पुढचा एक नियम होता. वाढलेल्या बांगडीचे तुकडे बघत बसायचं नाही. फडक्यात गोळा करायचे, गाठ मारायची आणि कुठल्या तरी झाडाच्या बुडाशी पुरून मागे न बघता निघून यायचं. "त्या तुकड्यांत डोकं घालशील, तर गिऱ्हाइकाच्या दारात हसऱ्या तोंडानं जाशील का?" असं त्या म्हणायच्या. आम्ही कासार, मूळचे साताऱ्याकडचे. काचेवर पोट, तेव्हा हा नियम मला कधी चुकीचा वाटला नाही. तो चुकीचा नव्हताच म्हणा. फक्त गाडी घेतल्यावर त्याने मला पुरतं वर्षभर आंधळं ठेवलं, ते सांगते.

सासूबाई डोक्यावर पेटारा घेऊन उरणकडच्या गावांतून फिरल्या. लग्नघरी जायचं, नवरीला हिरवा चुडा भरायचा, मग घरच्या, भावकीतल्या, शेजारपाजारच्या सगळ्या बायकांचे हात भरायचे. आगरी घरात लग्न म्हटलं की हात शंभराच्या वर. त्या थकल्यावर ती गावं माझ्याकडे आली. मी एसटीने जायची. मांडीवर एक खोका, पायाशी दोन. मग नव्वद सालानंतर कधीतरी यांनी कारखान्यातल्या एका साहेबांची जुनी गाडी घेतली. रबाळ्याला नोकरी होती यांची, हिशेबाच्या खात्यात. गाडी लांबलचक, मागे डिकी, आत सोफ्यासारख्या सीटा. मला वाटलं, सुटले. चालवायलाही शिकले. आम्ही राहायचो त्या सानपाड्यात तेव्हा रस्ते रुंद आणि रिकामे, इमारती कमी. धडकायचं म्हटलं तरी धडकायला काही सापडत नव्हतं.

आणि गाडी आल्यापासून माल वाढायला लागला. एसटीत इतका कधी वाढला नव्हता, तो स्वतःच्या गाडीत! आधी एखादी माळ, म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या, मग दोन-तीन. मी गप्प फडक्यात बांधायची आणि पुरून यायची. मला वाटायचं यांचं चुकतंय, हे स्पीडब्रेकरवर गाडी हळू करत नाहीत. यांना वाटायचं माझं बांधणं सैल झालंय. एकमेकांना बोलायला बरं पडलं आम्हाला.

एका लग्नात मात्र ते अंगाशी आलं. उरणच्या अलीकडचं गाव, सासूबाईंच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकाचं घर. तिथल्या म्हातारीच्या लग्नातला चुडा सासूबाईंनी भरलेला, तिच्या सुनांचा त्यांनी, तिच्या लेकींचा मी. आता थोरल्या नातीचं लग्न होतं. ओटीवर बायका बसल्या, मी नवरीचा खोका उघडला आणि आतून खळ्ळ आवाज आला. चुड्याच्या निम्म्या बांगड्या गेलेल्या. गाडीने घात केला असं म्हणत दुसऱ्या खोक्यातून जुळवाजुळव करून मी वेळ मारून नेली, पण नवरीच्या नावाने काढलेला चुडा दारात वाढलेला निघाला, हे पंचवीस बायकांनी पाहिलं. रीत अशी की नवरी झाली की त्या घरात म्हातारीचा हात पहिला. त्या दिवशी तिने पदराखालचे हात बाहेरच काढले नाहीत. "मना राहूं दे," एवढंच म्हणाली. ओटी भरून पाठवलं मला, पण हात भरून घेतला नाही.

धाकट्या नातीचं ठरलेलं होतं, तुळशीचं लग्न झालं की हिचं. मला कळून चुकलं की तेव्हाही असंच झालं, तर ते घर दुसरा कासार बोलावेल. आणि ते घर गेलं की मागोमाग आजूबाजूची गावं. सासूबाई तेव्हा अंथरुणाला होत्या. त्यांना मी हे सांगितलं नाही. त्या जिवंत असताना ते दार आपल्या हातून जाऊ नये, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन तुर्भ्याच्या बाजूला एक गॅरेज होतं तिथे गेले. गॅरेजवाला बोलका, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काकू, गाडी मस्त हाय. आवाज नाय, काय नाय. तुमी उगाच टेन्शन घेताय."

मी म्हटलं, अरे माझा माल जातोय. तेव्हा त्याने अगदी सहज विचारलं, "कुठल्या बाजूचा?"

वर्षभर माल जात होता आणि कुठल्या बाजूचा, कुठल्या खोक्यातला, खोक्यातही वरचा की तळाचा, काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? मी कधी बघितलंच नव्हतं. डोकं दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जावं आणि डोकं कुठे आहे ते सांगता येऊ नये, तशी माझी गत.

पुढची खेप सानपाडा गावातल्याच एका डोहाळजेवणाची होती. जाताना मी खोके नेहमीसारखे डिकीत लावले, मात्र कुठला कुठे ते लक्षात ठेवलं. घरी आल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, सासूबाईंच्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं आणि तुकडे मांडायला बसले. लेक कॉलेजातून आली, तिने बघितलं आणि शेजारी मांडी घालून बसली. हिरवे, लाल, मोरपंखी, सगळे आम्ही खोक्यांप्रमाणे वेगळे केले. उजवीकडच्या खोक्यांत जवळजवळ काही नाही. डावीकडे ढीग. आणि त्या ढिगातही तळाच्या माळा धड होत्या, गेल्या होत्या त्या मधल्या आणि वरच्या.

आता मी काचेत वाढलेली बाई. एक जोराचा दणका बसला तर तळाचं जातं, हे मला कोणी सांगायला नको. वरचं आणि मधलं जातं ते माळा उड्या मारत एकमेकींवर आपटत राहतात तेव्हा. म्हणजे दणका नव्हता. दणक्यानंतर काहीतरी थांबत नव्हतं.

हे मी जाऊन गॅरेजवाल्याला सांगितलं, तेव्हा त्याने हातातला चहा खाली ठेवला. गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून जोराने दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली आणि थांबली. मग डाव्या कोपऱ्यावर दाबलं. तिथे ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली, पाळण्यासारखी. मला म्हणाला, चाकावर तळवा फिरवा. फिरवला. रबर सरळ झिजलेलं नव्हतं, मध्येमध्ये खळगे पडले होते. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतं, तेव्हा असं होतं म्हणे. मग खाली शिरून त्याने शॉकअप दाखवला. शॉकअप म्हणजे स्प्रिंगचं झुलणं आवरणारी नळी. त्यातलं तेल गळून बाहेर सगळी धूळ चिकटली होती. आवाज कुठून येणार? तेल गळायला आवाज लागत नाही.

"मग बदल की," मी म्हटलं.

त्याने शॉकअप जिथे बसतो तिथे पेचकस टोचला. तो बिस्किटात जावा तसा पत्र्यात गेला. खाडीची खारी हवा, बाहेर उभी गाडी, पत्रा आतून खाऊन झाला होता. नवीन शॉकअप बसवायचा तर धरणार कशाला? झाळून देतो, पण किती दिवस टिकेल याची खात्री देत नाही, असं त्याने सरळ सांगितलं. तेव्हा मनाशी ठरलं, ही गाडी आता काचेच्या कामाची नाही.

घरात दोन पक्ष पडले. यांना पुन्हा तशीच मोठी, मऊ गाडी हवी होती. यांची कंबर दुखायची, आणि गाडी मऊ तितका माल सुरक्षित, हे यांचं म्हणणं मलाही पटायचं. लेकीला मात्र ती नवी निघालेली छोटी गाडी हवी होती, गोलमटोल, मागे डिकी नाही, सीटामागेच दार. आता तिला हॅचबॅक म्हणतात. तेव्हा आम्ही आखूड गाडी म्हणायचो. कॉलेजातली पोरं म्हणत ती बाणासारखी सुटते. हे म्हणाले, आपल्याला बांगड्या पोचवायच्या आहेत, शर्यत लावायची नाही.

मी म्हटलं, भांडू नका, काच सांगेल.

आमच्या सोसायटीत एकांची मोठी गाडी विकायची होती, आणि लेकीच्या मैत्रिणीच्या काकांकडे ती आखूड गाडी. दोन्ही एकाच सकाळी मागून आणल्या. मी माळांचा एक खोका मांडीवर घेतला, झाकण बंद केलं आणि यांना सांगितलं, तुर्भ्याच्या रस्त्याने चला, जिथे ट्रकांनी खड्डे केलेत तिथूनच. मोठ्या गाडीत खड्डा जाणवलासुद्धा नाही. हे माझ्याकडे बघून हसले. पण खोक्यात खळखळ सुरू झाली आणि ती काही थांबेना. एक खड्डा मागे पडला तरी त्याची खळखळ पुढच्या खड्ड्यापर्यंत चालूच. वळणावर तर सगळ्या माळा एका अंगाला सरकून बसल्या.

मग आखूड गाडी. ती मी चालवायला घेतली आणि खोका यांच्या मांडीवर दिला. पहिल्याच खड्ड्यात हिने असा दणका दिला की हे "अगं आई गं" म्हणाले. खोक्यात खण्ण झालं. आणि मग काहीच नाही. पुढचा खड्डा, खण्ण, पुन्हा शांत. वळणावर गाडी झुकली नाही, माळा जागच्या हलल्या नाहीत. पुढे एक कंटेनरवाला ट्रेलर रस्ता अडवून चालला होता, मी जरा पाय दाबला तर गाडी त्याच्या बाजूने अशी निघून गेली की मला माझंच नवल वाटलं. लेक मागून टाळ्या पिटत होती.

यांनी झाकण उघडलं. एकही गेलेली नव्हती. मोठ्या गाडीतल्या फेरीत तीन गेल्या होत्या.

"कंबरेचं काय?" यांनी विचारलं.

"तुमच्याखाली उशी देऊ," मी म्हटलं, "काचेला उशी देऊन बघितली वर्षभर."

मला तेव्हा सासूबाईच आठवल्या. त्या रागावल्या की एकदाच, कानठळ्या बसतील असं बोलायच्या आणि दुसऱ्या मिनिटाला चहा टाक म्हणायच्या. माझी एक मावशी होती, ती कधी आवाज चढवायची नाही, पण आठ दिवस कुजबुजत राहायची. संसार कोणाजवळ टिकला ते काही मी सांगत नाही. पण गाडी घेताना हा विचार आला खरा.

गाडी आली ती दारात न लावता बाजूच्या इमारतीच्या आडोशाला, वाऱ्याच्या उलट बाजूला लावायला लागले. सासूबाईंना खिडकीतून दाखवली. म्हणाल्या, "पेटाऱ्याएवढीच दिसती की." तुकडे मांडून बसल्याचं मात्र त्यांना सांगण्याचा धीर झाला नाही. मग एक दिवस त्याच म्हणाल्या, दार लोटलंस तरी काचेचा आवाज येतो गं. मी मान खाली घातली. त्यांनी विचारलं, "सापडलं का?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मग बरं झालं, आणि कुशीवर वळल्या.

तुळशीचं लग्न झालं आणि धाकट्या नातीच्या लग्नाचा दिवस आला. उरणचा रस्ता तेव्हा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी उखडलेला. मी एकटीच गेले, खोके मागच्या सीटमागे, मध्ये जुन्या लुगड्याच्या घड्या. प्रत्येक खड्ड्याला खण्ण ऐकायचं आणि पुढची शांतता ऐकायची, असं करत पोचले. मांडवात शिरताना तोंडावर हसू ठेवलं.

म्हातारी ओटीवरच बसली होती. मी खोका खाली ठेवला, तशी तिने सुनेला बाजूला केलं आणि नवरीच्या खोक्याचं झाकण स्वतः उघडलं. एकेक माळ उचलून कानाशी हलवली. धड बांगड्यांचा आवाज वेगळा, बोलतात त्या. सगळ्या माळा झाल्यावर तिने खोका नवरीपुढे सरकवला. मी नवरीचा चुडा भरला. पोरीचे हात मऊ, एकही गेली नाही.

तो भरून झाला आणि मी पुढच्या हातासाठी मान वर केली, तर समोर म्हातारीचा हात होता. शेतात आणि मिठागरात घोटून कडक झालेला, बोटांचे पेर सुजलेले. मी साबण लावला, हलकेच दाबत दाबत एक चढवली, दुसरी चढवली, आणि तिसरी अंगठ्याच्या हाडावर येऊन कट्कन वाढली. माझ्या हातात.

मी फडकं काढायला लागले, तुकडे गोळा करायला. म्हातारीने माझा हात धरला.

"कासारीनबाय, आता गाडीला नावं ठेवू नको," ती म्हणाली, "माजा हातच दांडगा हाय. मोठ्या मापाच्या बाजूला कारून ठेव, पुढच्या टायमाला लागतीन."

बायका हसायला लागल्या. मी दुसऱ्या खोक्यातून मोठं माप शोधलं, साबण पुन्हा लावला, आणि तिने हात परत पुढे केला.