कोरड्या कुंड्या

जयमालाने बाल्कनीचं दार सरकवलं. कोपऱ्यातल्या तिन्ही कुंड्यांची माती काळीभोर, ओली होती.

ऑगस्ट चालू होता, जपानातला भर उन्हाळा. कुंड्यांतले रानट्यूलिपचे कंद उन्हाळ्यात झोपतात. पानं वाळतात, वर नुसती माती दिसते आणि तेव्हा त्यांना पाण्याचा थेंब चालत नाही. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या पावसाचा एक शिंतोडाही पोचू नये म्हणून तिने हा कोपरा शोधला होता. चार वर्षं तिने हे सोवळं सांभाळलं होतं.

"आई, या कुंड्यांना पाणी घातलंत?"

सासूबाई, प्रभावतीबाई, पुण्याहून येऊन तीन आठवडे झाले होते. "अगं, रोज घालते. तुळशीला घालून तांब्यात उरतं ना, तेवढंच. कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या बिचाऱ्या."

रोज! जयमाला सकाळीच बेन्तोच्या कारखान्यात जेवणाचे डबे भरायला जायची, आणि ती परत येईपर्यंत वरची माती वाळलेली असायची. आज लवकर सुटली म्हणून चोरी पकडली गेली.

१९९२मध्ये नवऱ्याला, गुणवंतला, टोकियोतल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काम मिळालं, तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी सोडून ती आली. इथे ती नुसती गुणवंत-सानची ओकुसान, म्हणजे बायको. त्या पहिल्याच शरदात एका जुन्या घरापुढची दगडांची बाग बघत ती रस्त्यात उभी राहिली आणि कुरिहारा-सान नावाच्या सत्तरीच्या बाईंनी तिला आत बोलावलं. निघताना हातावर कागदाची पुडी ठेवली. मध्य आशियातल्या डोंगरावरच्या ट्यूलिपचं बी. फूल यायला पाच वर्षं लागतील, म्हणाल्या, माझा धीर आता पुरत नाही, तू लाव. त्यांनी दोन दगडांमधली जागाही तेव्हापासून मोकळी ठेवली होती. येत्या ऑक्टोबरात कंद तिथे जायचे होते.

जयमालाने वर्तमानपत्र अंथरलं आणि पहिली कुंडी उपडी केली. पहिला कंद बोटांत धरला तर त्याचा चिखल झाला. दुसऱ्याचाही. कुजका वास आला आणि तिचा तोल सुटला.

"अहो, विचारायचं तरी!" सासूबाईंपुढे तिचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

प्रभावतीबाई दारातच थबकल्या. "विचारलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "आले त्याच दिवशी. यात काय लावलंयस म्हणून. तू म्हणालीस, काही नाही."

खरं होतं ते. एका फुलासाठी आपण चार वर्षं माती राखत बसलो आहोत, हे सांगायची तिला लाज वाटली होती. स्वतःच्या तोंडाने तिने त्या कुंड्या रिकाम्या ठरवल्या होत्या. आता ओरडणार तरी कोणावर?

पहिल्या कुंडीत एकही कंद वाचला नाही. दुसरी उपडी करून जयमाला इतक्या घाईने माती उकरू लागली, की वाचलेले कंदही तिच्याच बोटांनी चिरडले असते. प्रभावतीबाई आत गेल्या, चष्मा लावून, स्टीलची परात घेऊन आल्या आणि पदर खोचून खाली बसल्या. तांदळातले खडे निवडावेत तशी त्यांनी परातीत माती पसरली. बोटं सरकत होती, थांबत होती. "हा गेला," त्या म्हणायच्या. "हाही गेला." जयमाला कुजके कंद वर्तमानपत्रावर वेगळे ठेवत गेली. दुसरी कुंडी संपली. तिसरी अर्धी झाली.

"हा बघ गं. घट्ट लागतोय."

चिंचोक्याएवढा, तपकिरी, टणक. अकरा कंदांतले तीन हाती लागले.

ते दोघींनी कोरड्या रेतीत ठेवले. पुण्याला परत जाईपर्यंत प्रभावतीबाई तुळशीला पाणी घालून तांब्या लगेच आत नेऊन ठेवत. बिचाऱ्यांनी धसकाच घेतला होता.

ऑक्टोबरात कंद कुरिहारा-सानच्या बागेत गेले आणि एप्रिलमध्ये त्या दोन दगडांमध्ये एकच कळी उमलली. बोटभर देठ, लालभडक पाकळ्या. कुरिहारा-सान काठी टेकत तिच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

संध्याकाळी जयमालाने पुण्याला फोन लावला. एरवी सासूबाईंचा पहिला प्रश्न गुणवंत जेवतो का, हा असायचा.

"जयमाला, आधी सांग," त्या घाईने म्हणाल्या, "त्या कुंडीतलं काय उगवलं गं?"

"ट्यूलिप, आई," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना. "मी लावलेलं."