चिकाची चित्रं

धुळ्याला कलाशिक्षण संपवून मी जळगावला आले, तेव्हा स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायची मला लाज वाटायची. पिंप्राळ्यात एक खोली भाड्याने घेतली होती. संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढून स्वतःच नापास करायचे. अशात कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनी ठरवलं, की तिघींनी मिळून जळगावात प्रदर्शन भरवायचं. हॉल ठरला, तारीखही ठरली. माझ्याकडे मात्र भिंतीवर लावण्यासारखं काहीच नव्हतं. मी चार दिवस गावी जाते असं सांगितलं आणि खरं तर पळूनच गेले.

आमचं गाव रावेरकडे. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची कापणी चालू होती. बांधावर उभी होते तर ताज्या कापलेल्या घडाच्या दांड्यातून चीक गळून माझ्या नव्या ड्रेसवर पडला. पडताना तो पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. आबा म्हणाले, "गेला तुझा ड्रेस." दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग उमटला होता. केळीच्या घरात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मीही लहानपणापासून पाहत आले होते, पण त्या सकाळी त्या डागाकडे मी बराच वेळ बघत बसले.

मग वाटीभर चीक धरून आणला, मांजरपाटाचा एक तुकडा ओट्यावर पसरला आणि ब्रशने आबांना काढलं. खांद्यावर घड घेऊन चाललेले. काढताना काहीच दिसत नव्हतं. ओल्यावर ओलं. अंदाजानेच हात फिरवत गेले आणि कापड तसंच वाळत टाकून झोपले.

दुपारी उठून पाहते तर दोरीवर कापड नाही. आई मोरीत होती. माझी आई शिंदखेड्याकडची, कापसाच्या मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा चीक काय असतो हे तिला माहीत नव्हतं. पहिल्याच कापणीत तिची लग्नातली साडी गेली, आणि तेव्हापासून चिकाचे डाग म्हणजे तिचं जन्माचं वैर. दोरीवरच्या कापडावर डाग उमटताना दिसले, तसं तिने ते धुण्याच्या सोड्यात भिजवलं आणि दगडावर घासायला घेतलं होतं.

"सोडा टाकी टाकी घासं, तरी निंघना नही," ती घाम पुसत तिच्या अहिराणीत म्हणाली.

"आई, ते चित्र होतं गं!"

तिचा हात थांबला. तिने कापड उचलून उजेडात धरलं. आम्ही दोघी बघत राहिलो. सोड्याने रंग गेला नव्हता, उलट गडद झाला होता. फिकट तपकिरीचा जवळजवळ काळा झाला होता, आणि जिथे तिने जोरात घासलं होतं तिथे आबांच्या पाठीवर उन्हासारखा एक पांढुरका पट्टा उमटला होता. मला जे वर्षभर जमलं नव्हतं, ते तिथे होतं. मला रडू आलं. आईला वाटलं, चित्र बिघडलं म्हणून रडते. रात्री ताटात भाकरी वाढताना हळूच म्हणाली, "आते मी तुना कपडाले हात लावाव नही."

"लाव," मी म्हटलं. "मला अजून सात कापडं धुऊन हवीत."

तिला ते खरं वाटायला दोन दिवस लागले. मग मात्र मी काढायचे आणि ती धुवायची. कुठे किती घासायचं हे मी तिला कधीच सांगितलं नाही.

प्रदर्शनाला आई-आबा दोघं आली. आई हॉलच्या दारातच थबकली. डाग असे भिंतीवर टांगलेले बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लोके म्हनतीन, हिनी मायले धोवाले येत नही." आबा त्यांच्या चित्रासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. मी जवळ जाऊन विचारलं, "कसं वाटलं?"

"मी घड डाव्या खांद्यावर घेतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण चाल माझीच आहे."

एवढंच.

त्या प्रदर्शनातून पुढे धुळ्याच्या एका प्रदर्शनाचं आम्हा तिघींना बोलावणं आलं. या वेळी चित्रांखालच्या पट्टीवर मी आईचंही नाव लिहिलं. तिने ते वाचलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत दुसरीकडे पाहू लागली. दुपारी मी आमच्यासाठी चहा आणायला खाली गेले. परत आले तर कॉलेजातली एक मुलगी वहीत काहीतरी लिहून घेत होती आणि आई तिला सांगत होती, दांड्याचा चीक वेगळा, पानाचा वेगळा, सोडा किती, ऊन किती. अस्सल अहिराणीत, हात हलवून, आवाज चढवून. घराबाहेर तिला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दोन्ही हातांत चहाचे कप धरून मी दाराच्या आड उभी राहिले. तिचं बोलणं मध्येच तुटू नये म्हणून आत गेले नाही. चहा पार निवला.