बाहेरल्याच्या मार्फत

सन १९९७. मी अडुसष्ट वर्षांचा, धुळ्यात घरमालक. मागच्या खोलीतला माझा भाडेकरू टेबलावर दोन बोटं आपटून अहिराणीत म्हणायचा, "आबा, बाहेरला जागा शे. आतला झोपेल शे."

कोण बाहेरला, कोण आतला, ते सांगतो.

हा भाडेकरू सरकारी कचेरीत नकाशे काढायचा. ऐन तरुणपणी कान गेले. स्वतः बोलायचा ते सगळ्या गल्लीला ऐकू जाई. त्याला काही सांगायचं तर दाराला पाटी टांगलेली, तिच्यावर लिहायचं. मी चौथी नापास, अक्षर वाकडं. मी त्या पाटीला कधी हात लावला नाही. मी ओरडायचो, तो ओठ बघायचा.

एक बहीण, सुरतेला. तिचेही कान तसेच गेलेले. दोघांकडे एकाच जातीचे जुने कॉम्प्युटर. आधीच्या घरी असताना दोघं फोनच्या तारेवरून टाइप करून गप्पा मारत. माझ्याकडे आला त्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून याचा जळाला. नवा आणला, तर त्याला बहिणीच्या यंत्राची बोली येईना. मग यानं प्रोग्रॅम लिहून नव्याच्या पोटात जुन्याचं सोंग उभं केलं. नवा तो बाहेरला, सोंग तो आतला. आतला आता उठायचा, चालायचा, पण फोनच्या तारेपर्यंत त्याला वाट सापडत नव्हती.

आणि तार माझी. फोन मी लाकडी पेटीत, कुलपात ठेवायचो. त्यानं मागितला तेव्हा मी म्हटलं, "बहिऱ्याले फोन कशाले रे भाऊ?"

तो हसला. "ऐकाले नही आबा, बोलाले."

नाही दिला. घर माझं, फोन माझा. चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

मग बहिणीचं कार्ड आलं. त्याची सगळी टपालं यायची तशीच: वर त्याचं नाव, खाली 'मार्फत' माझं. उघडं कार्ड कोण वाचत नाही? मीही वाचलं. एकच ओळ होती. 'तू गप्प का झालास?'

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. तो ओळ सोडून पत्त्याकडेच बघत बसला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"आबा, मी येडा शे. आतल्याले सोतानी वाट कशाले जोयजे? त्यानी चिठ्ठी बाहेरल्याना मार्फत जाई."

मला काही कळलं नाही. पण ती कार्डावरची ओळ डोक्यातून जाईना. रविवारी सकाळी मी पेटी उघडली आणि किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली.

त्यानं अंगणातून तार ओढली. यंत्र किंचाळायला लागलं. त्याला ते कुठलं ऐकू यायला. मीच हातानं खूण केली, फोन लागला म्हणून. काचेवर अक्षरं उमटली. तो मोठ्यानं वाचू लागला, "'जेवलास का?' आबा, इचारी ऱ्हायनी, जेवना का म्हनून." पुढे त्याला वाचवेना. चष्मा पुसत राहिला.

त्यानंतर पेटीला कुलूप लागलं नाही.

रिटायर झाल्यावर तो बहिणीकडेच राहायला निघाला. मी रिक्षापर्यंत गेलो. "बठ्ठं नेलं का?" मी ओरडलो. सगळं नेलं होतं, पाटी मात्र दारालाच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टातून एक कार्ड आणलं. शेजारच्या पोराला लिहायला बोलावलं नाही. माझ्याच वाकड्या अक्षरात विचारलं, 'पोचलास का?' पत्त्याच्या जागी त्याचं नाव लिहिलं, आणि खाली, मार्फत, बहिणीचं.